धक्क्यांनी तडकलेले जुने चर्च: पाडायच्या आधी एवढे वाचा

प्रश्न असा आहे: पालघरच्या किनारपट्टीवरचे, पोर्तुगीज काळातले, दगड-चुन्याचे धर्मग्रामाचे चर्च. भूकंपाच्या धक्क्यांनंतर दर्शनी भिंत बाजूच्या भिंतींपासून सुटल्यासारखी दिसते, घंटेच्या मनोऱ्याला तिरके तडे गेलेत, अल्तारासमोरच्या (मुख्य वेदीसमोरच्या) मोठ्या कमानीला बरोबर माथ्यावर भेग पडलीय. एक कंत्राटदार म्हणतो, पाडा आणि आरसीसी बांधा. दुसरा म्हणतो, कौले उतरवून स्लॅब टाका, भिंतींना जाळी मारून सिमेंटचा गिलावा करा. फादरना एवढेच हवेय की पुढच्या सणाची मिस्सा (सामूहिक उपासना) आत होईल का.

सणाचे आधी सांगून टाकतो. आत होणार नाही. अंगणात होईल, पण मंडप नेहमीच्या जागी, पायऱ्यांना लागून घालू नका. दर्शनी भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळे सोडा आणि तिथे दोरी नव्हे, पक्के कुंपण घाला. दोरी ओलांडून मुले जातातच. घंटा वाजवायची नाही. शक्य असेल तर खाली उतरवून अंगणात लाकडी चौकटीवर टांगा. काही शे किलोचे धूड तडकलेल्या मनोऱ्याच्या डोक्यावर झुलवण्यात शहाणपण नाही.

दोन्ही कंत्राटदारांना माझे उत्तर ‘नको’ असे आहे. का, ते समजायला हे चर्च धक्क्यात कसे हलते ते पाहावे लागेल.

आपल्याकडच्या धक्क्यांची जातच वेगळी. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात सुरू झालेली ही मालिका छोट्या धक्क्यांची. धुंदलवाडी परिसरात १ फेब्रुवारी २०१९ रोजी बसलेला त्यातला मोठा धक्काही चार तीव्रतेच्या थोडाच वर होता. किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) किंवा भुज (२६ जानेवारी २००१) यांच्याशी त्याची तुलना होत नाही. पण हे धक्के जमिनीखाली फार खोल नसतात, म्हणून जवळच्या गावात आवाजासकट जोराने लागतात, आणि पुन्हा पुन्हा येतात. एकदा सैल झालेला दगड प्रत्येक वेळी केसभर सरकतो. एका धक्क्याने चर्च पडत नाही. ते सुटत जाते.

सुटते कुठे, तर सांध्यात. तीन-साडेतीन फूट जाडीची काळ्या दगडाची भिंत स्वतःच्या लांबीच्या दिशेने हलवायला फार जोर लागतो. तीच भिंत आडवी ढकलली, तर बिचारी उभ्या पत्त्यासारखी कलंडते. चारही भिंती कोपऱ्यांत एकमेकींत गुंतलेल्या असतील आणि वर छताने धरलेल्या असतील, तर एकीला पडताना दुसरी आवरते. गुंफण तुटली की प्रत्येक भिंत एकटी. आपल्या चर्चच्या दर्शनी भिंतीची अडचण आणखी मोठी, कारण तिचा वरचा त्रिकोणी भाग, क्रूसासकट, छपराच्या वर दहा-बारा फूट मोकळा उभा असतो. त्याला मागून काहीच आधार नाही. इटलीत भूकंपानंतर चर्चची पाहणी करायचा जो ठरलेला फॉर्म आहे, त्यात पडझडीचे २८ प्रकार नोंदवलेत. त्यांची सुरुवातच दर्शनी भिंत बाहेर कलंडण्यापासून होते.

म्हणून पहिले काम टेकू. अहवाल, बैठका, वर्गणी, सगळे त्यानंतर. दर्शनी भिंतीला बाहेरून स्टीलच्या परांचीचा तिरका आधार, तळाला वजन ठेवून. कमानीखाली लाकडी साचा, मनोऱ्याला घंटेच्या मजल्याखाली पट्ट्यांनी आवळणे. भाड्याच्या परांचीने हे आठवड्याभरात होते. ती परांची पुढे दुरुस्तीलाही लागते, त्यामुळे पैसे वाया जात नाहीत. टेकू लागेपर्यंत आत कोणी जायचे नाही, इंजिनिअरनेही नाही. इटलीतल्या असिसीला २६ सप्टेंबर १९९७ रोजी रात्रीच्या धक्क्यानंतर संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकात नुकसानीची पाहणी चालू होती. दुपारच्या सुमारास दुसरा धक्का आला, घुमटी छताचा भाग कोसळला आणि आत असलेली चार माणसे गेली. त्यात दोन संन्यासी होते, दोन तंत्रज्ञ. ‘फक्त पाच मिनिटांत फोटो काढून येतो’ म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो.

टेकू लागल्यावर आधी बाहेर काढायच्या वस्तूंत बाप्तिस्मा आणि लग्नाच्या जुन्या नोंदवह्या. कपाटासकट नाही, नुसत्या वह्या. गळक्या छताखाली एक पावसाळा गेला की त्या संपल्या. लाकडी मूर्ती सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्तीला जुलैत बुरशी येते. जमिनीतल्या कोरीव थडग्यांच्या शिळांवर वाळूचा थर आणि वर प्लायवुड टाका, कारण पुढची दोन वर्षे त्यांच्यावरून परांचीचे पाइप ओढले जाणार आहेत.

आता तडे. इथे घाई करणाऱ्यांशी माझे पटत नाही. समितीला वाटते सगळे तडे भूकंपाने पडले. माझ्या अनुभवात अशा चर्चमधले निम्मे-अर्धे तडे आधीचेच असतात, धक्क्याने फक्त वरचा गिलावा फुटून ते दिसू लागतात. फरक ओळखता येतो. नव्या भेगेच्या कडा धारदार असतात, आत दगडाचा किंवा चुन्याचा स्वच्छ रंग दिसतो, खाली ताजा चुरा पडलेला असतो. जुन्या भेगेत धूळ, कोळ्याचे जाळे, कधी आतपर्यंत उतरलेला रंगाचा हात असतो. एखाद्या वेळी अर्धी भेग जुनी आणि टोक नवे असते. ते टोक महत्त्वाचे, त्यावर तारीख लिहून ठेवा.

आणि एक उपाय सांगतो, जो मी मार्गदर्शक पुस्तिकांत पाहिलेला नाही. रविवारी मिस्सेनंतर घोषणा करून प्रत्येक पाखाडीतून (वस्तीतून) लग्नाचे अल्बम मागवा. आपल्याकडे चर्चच्या पायऱ्यांवर, मागे पूर्ण दर्शनी भिंत घेऊन फोटो काढल्याशिवाय लग्न लागत नाही. आजोबांच्या लग्नापासून नातवाच्या लग्नापर्यंतचे फोटो क्रमाने लावले की कुठला तडा कोणत्या दशकात आला, मनोऱ्यावर पिंपळ कधी उगवला, चुन्याचा गिलावा काढून सिमेंट कधी थापले, सगळे समोर येते. भिंत कधीपासून कललीय ते फोटोवरून मोजता येत नाही, त्याला ओळंबा आणि टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्रच हवे. पण बाकीची जंत्री फुकटात मिळते.

मग भेगांवर काचेच्या अरुंद पट्ट्या चिकटवा. भेग हलली की काच तडकते. शाळेतली मुले आठवड्याला एकदा पाहून वहीत लिहू शकतात. कमीत कमी एक पावसाळा जाऊ द्या. जूनमध्ये माती फुगते, ऑक्टोबरात सुकते. पायाची हालचाल असेल तर ती त्या काळातच कळते, आणि पाया सरकत असेल तर वरची सगळी दुरुस्ती फुकट.

तड्यांची भाषा साधारण अशी. दर्शनी आणि बाजूच्या भिंतीच्या सांध्यात उभा तडा, वर रुंद आणि खाली निमुळता, म्हणजे दर्शनी भिंत बाहेर कलतेय. तुमचे वर्णन तेच आहे. कमानीच्या माथ्यावरची भेग म्हणजे कमानीचे दोन पाय एकमेकांपासून दूर सरकलेत. कमान स्वतः सहसा निर्दोष असते. मनोऱ्यावरचे तिरके, फुलीसारखे तडे म्हणजे तो भाग दोन्ही बाजूंना ओढला गेला. आणि ज्याची भीती वाटली पाहिजे ते बहुधा कोणी सांगत नाही: भिंतीला आलेले पोट. या भिंती बाहेरून-आतून घडीव किंवा अर्धघडीव दगडाच्या, मध्ये खडी-चुन्याचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड कमी असतील तर पदर सुटतात. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने वर्तुळ करा. किल्लारीला दगडी घरे अशीच पदर सुटून बसली, फक्त तिथे मध्ये चुना नव्हता, माती होती.

दर्शनी भिंत नेमकी त्याच सांध्यात का सुटली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. छपराचा उतार दर्शनी भिंतीच्या पाठीला जिथे भिडतो, तिथे पन्हळ असते. ती वर्षानुवर्षे कौलांच्या तुकड्यांनी, शेवाळाने, कबुतरांच्या घरट्यांनी तुंबते. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. त्यातले तुंबलेले पाणी बरोबर कोपऱ्यात, दोन भिंतींच्या गुंफणीत मुरते आणि चुना धुऊन नेते. कैचीची (छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटीची) टोकेही त्याच ओलीत भिंतीच्या खोबणीत कुजतात. म्हणजे धक्का येण्याच्या आधीच गुंफण आणि छप्पर या दोन्ही गाठी गेलेल्या असतात. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात मी पन्हळीची ओळ सर्वांत वर लिहितो. वाचणाऱ्याला ती क्षुल्लक वाटते.

दुसऱ्या कंत्राटदाराच्या स्लॅबचा हिशेब मांडू. चर्चचे सभागृह तीस मीटर लांब आणि बारा मीटर रुंद धरा, म्हणजे ३६० चौरस मीटर. पाच इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर, म्हणजे एकूण ११० टनांच्या पुढे, वॉटरप्रूफिंग वेगळे. मंगळुरी कौले रिपांसकट चौरस मीटरला साधारण ६५ किलो. कैच्या धरूनही छप्पर पस्तीस-चाळीस टनांत बसते. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो. तिप्पट वजन भिंतीच्या माथ्यावर ठेवले की सैल भिंतीला तिप्पट हिसका. इटलीत १९९७ आणि २००९च्या भूकंपांनंतर हेच दिसले: लाकडी छप्पर काढून जिथे जड काँक्रीट बसवले होते, तिथल्या कमकुवत दगडी भिंती त्या वजनाखाली फुटल्या. भूकंपाचा विचार करून इमारती कशा बांधाव्या हे सांगणाऱ्या भारतीय मानक १८९३च्या २०१६च्या आवृत्तीप्रमाणे पालघर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येते. त्यासाठी हलके, नीट बांधलेले छप्परच उत्तम.

पाडून नवे आरसीसी बांधू म्हणणाऱ्यांना एकच विनंती: खाडीच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींच्या गॅलऱ्या खालून पाहून या. सळ्या उघड्या पडलेल्या दिसतील. शेजारी काही शतकांचे दगडी चर्च उभे आहे.

मग करायचे काय? बांधायचे. बाजूच्या दोन्ही भिंतींच्या लांबीने, छपराच्या पातळीवर आणि त्याखाली आणखी एका पातळीवर, स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घालून त्या दर्शनी भिंतीच्या बाहेर पट्टीने अडकवायच्या आणि मागे अल्ताराच्या भिंतीत धरायच्या. पट्ट्या बाहेर दिसतील. दिसू द्या. त्या लपवण्यासाठी दगड पोखरू नका. स्टील ३१६ ग्रेडचेच. साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजते, गंजताना कितीतरी पट फुगते आणि ज्या दगडाला धरायला बसवले त्यालाच फोडते. सळ्या ताणायला जॅक लावू नका, हाताने पाना फिरवून बसेल एवढाच ताण. कललेली भिंत पुन्हा ओढून सरळ करायचा मोह आवरा. भेगेत पडलेले दगड-चुरा आता पाचरीसारखे बसलेले असतात, ओढले की काहीतरी दुसरे फुटते. आहे तिथे धरून ठेवणे पुरते.

कमानीलाही तसेच, पायांच्या पातळीवर आडवी सळी. छपराला कौलांखाली तिरक्या पट्ट्या किंवा जाड प्लायचा थर, म्हणजे ते एक ताठ पडदा बनून भिंतींना वरून धरेल. कैचीची कुजलेली टोके कापून तिथे सागाचाच जोड द्या, पूर्ण कैची टाकून देऊ नका. भिंतीच्या माथ्यावर लाकडाचा किंवा स्टीलच्या पट्टीचा हलका पट्टा, जो भिंतीत आणि कैचीत दोन्हीकडे बोल्टने धरलेला असेल. कौलांबाबत कोणी भावनिक होऊ नये. मंगळुरी कौलाचा पहिला कारखानाच १८६५चा, पोर्तुगीज जाऊन तोवर सव्वाशे वर्षे झाली होती. फुटकी कौले बदलण्यात इतिहासाला धक्का नाही.

भिंतीतल्या पोकळ्या भरायला चुन्याचे पातळ मिश्रण, सुरखी (विटांची भुकटी) घालून, खालून वर, अगदी कमी दाबाने. आधी बाहेरच्या दर्जा (दगडांमधल्या फटी) भरून घ्या, नाहीतर मिश्रण आतल्या गिलाव्यातून वेदीवर येते. दाब वाढवला तर सुटलेला पदर आणखी ढकलला जातो. साधारण प्रत्येक चौरस मीटरला एक आरपार दगड किंवा स्टेनलेस सळई बसवा, म्हणजे दोन्ही पदर परत एक होतील. ही पद्धत दगड-विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीच्या भारतीय मानक १३९३५मध्ये आहे आणि किल्लारीनंतर तिचा बराच वापर झाला. तिथे सांगितलेले काँक्रीट आपण चुन्याच्या भिंतीत वापरायचे नाही, एवढाच बदल.

सिमेंट का नको, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. जाड दगडी भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि ऑक्टोबर ते मे ते बाहेर टाकते. चुन्याच्या दर्जांमधून ते निघते. सिमेंटने दर्जा बुजवल्या की पाणी दगडातून निघते आणि सोबतचे मीठ दगडाच्या पृष्ठभागाखाली जमते. काही वर्षांत दगडाचा पापुद्रा सुटतो, पण दर्ज मात्र कडक उभी असते. शिवाय चुन्याच्या भिंतीला थोडे हलता येते. सिमेंट मध्ये आले की तडा दगडातून जातो.

चुन्याला मात्र सवड लागते, आणि इथेच प्रकल्प फसतात. खड्ड्यात पाण्याखाली निदान तीन महिने मुरवलेला चुना घ्या. खड्डा चर्चच्या आवारातच खणता येतो. वाळू नदीची आणि धुतलेली, खाडीची अजिबात नाही. गिलावा-दर्जांचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. केलेले काम ओल्या गोणपाटाने झाकून दोन-तीन आठवडे ओलसर ठेवा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओल लागते. एप्रिलच्या उन्हात केलेल्या दर्जा बोटाने भुकटी होऊन निघतात. गूळ, हिरडा, बेलफळ यांचा हल्ली फार गवगवा आहे. काही मिश्रणांचा उपयोग होतो, पण चुनाच कच्चा असेल तर गुळाने मुंग्याच येतील. अनुभवी गवंडी शोधताना त्याला मिश्रणाची कृती विचारू नका. ‘चुना किती दिवस मुरवता?’ एवढेच विचारा.

पडलेल्या दगडांबद्दल. जेसीबी बोलावून आवार साफ करायची घाई कोणाला तरी होतेच. एकही घडीव दगड बाहेर जाऊ देऊ नका. जिथे पडला तिथेच फोटो, खडूने क्रमांक, मग रांगेत मांडणी. इटलीत फ्रिउली प्रांतातल्या वेनझोने गावचे कॅथेड्रल १९७६च्या मे महिन्यातल्या भूकंपात खिळखिळे झाले आणि सप्टेंबरच्या धक्क्यांनी कोसळले. लोकांनी दगड वेगळे करून, ओळखून, जागच्या जागी बसवत ते १९९५मध्ये पुन्हा उभे केले. फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर १५ ऑक्टोबर २०१३च्या ७.२च्या भूकंपात प्रवाळ दगडाची जुनी चर्च ढिगारा झाली. मारिबोहोकच्या चर्चचे दगड जमवून, नोंदवून ते परत बांधले. तिथली काही चर्च उघडायला २०२१ उजाडले. तुमचे चर्च उभे आहे, त्यामुळे एवढा काळ लागणार नाही. पण ‘सहा महिन्यांत करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

परवानग्यांचे थोडक्यात. चर्च केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय खिळाही ठोकायचा नाही. यादीत नसेल पण संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत असेल तरी दुरुस्तीला परवानगी लागते. चर्चचा स्वतःचा कायदाही आहे: कॅनन १२१६ म्हणते, चर्च बांधताना वा दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्या, आणि कॅनन ११८९प्रमाणे मौल्यवान मूर्तींची दुरुस्ती धर्मप्रांताच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही. वेदीत संतांचे अवशेष असू शकतात, तेव्हा तिला हात लावण्याआधी बिशप हाऊसला कळवा. गवंड्याने हातोडी मारल्यावर हे आठवून उपयोग नाही.

आणखी एक, जे ऐकायला आवडणार नाही. ही दुरुस्ती केल्यावर चर्च ‘भूकंपरोधक’ होणार नाही. तसा दाखला देणाऱ्यापासून लांब राहा. मोठ्या धक्क्यात पुन्हा तडे जातील. दर्शनी भिंत पायऱ्यांवर येणार नाही आणि आतली माणसे बाहेर पडतील, इतके साधायचे. त्यासाठी मुख्य दरवाजावर भरवसा ठेवू नका, तो नेमका त्या भिंतीखाली आहे. बाजूचे दोन्ही दरवाजे मिस्सा चालू असताना उघडे, कड्या काढलेल्या, समोर बाकडी किंवा फुलांचे स्टँड न ठेवलेले असावेत. बऱ्याच चर्चमध्ये त्यातला एक कायम कुलूपबंद असतो आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते.

कामाचा क्रम मी असा धरीन. या महिन्यात टेकू, कुंपण, नोंदवह्या. जूनच्या आधी पन्हळ साफ आणि फुटक्या कौलांवर ताडपत्री, पण ताडपत्रीच्या दोऱ्या दर्शनी भिंतीला किंवा क्रूसाला बांधायच्या नाहीत, वादळी वाऱ्यात ती शिडासारखी ओढते. पावसाळाभर काचपट्ट्यांच्या नोंदी आणि चुना मुरवणे. ऑक्टोबरात सळ्या आणि भिंती भरणे, त्याच्या पुढच्या कोरड्या हंगामात छप्पर आणि गिलावा. पहिल्या हंगामानंतर सळ्या बसून ताण स्थिर दिसला, तर अल्ताराकडचा अर्धा भाग बाजूच्या दरवाजाने उघडता येईल. दर्शनी भिंतीकडचा भाग आणि वरची कॉयरची गॅलरी तोवर बंदच.

मला पाठवायचेच असेल तर तड्यांचे जवळून काढलेले चाळीस फोटो नकोत. चारही बाजूंनी, पूर्ण भिंत दिसेल असा एकेक, छपराचा आतून एक, पन्हळीचा एक, आणि त्या अल्बममधले जितके मिळतील तितके.